मुखपट्टीची निवड : शाळेच्या दृष्टीने काही विचार

तोंडाला काही तरी बांधणे ही गोष्ट आपल्या गंगापूर तालुक्यास नवी नाही. तुरीची मळणी चालू असता यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य उपरण्याचा पदर नाकावरून घेतोच. जिनिंगच्या कारखान्यात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. तेथील मजूर स्त्रियाही पदर तोंडाशी आवळून घेतात. म्हणूनच इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा ‘तोंड झाका’ हे सांगणे खेड्यापाड्यांतून फारसे कठीण गेले नाही. कठीण गेले ते निराळेच. मळणीच्या भुसासाठी जे उपरणे पुरते ते रोगाच्या विषाणूसाठी का पुरत नाही, हे पटवून देणे त्या वेळी आपणांपैकी फारच थोड्यांना साधले. आणि खरे सांगावयाचे तर आपल्यालाही ते त्या वेळी पुरते उमगले नव्हते.

साथीच्या काळात सक्ती होती. सक्तीत ‘मुखपट्टी आहे की नाही’ एवढेच पाहिले जाते, ‘कशी आहे’ हे पाहिले जात नाही. दंड चुकावा म्हणून हनुवटीवर अडकवलेली पट्टीही हिशेबात धरली जात असे. राज्य शासनाने दिनांक २ एप्रिल २०२२ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून, ही सक्ती उठविली. आता मुखपट्टी वापरावी की नाही, वापरल्यास कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. गावात खोकल्याची साथ आली म्हणजे पालक हा प्रश्न शाळेत घेऊन येतात. शाळेच्या अल्प अनुदानातून चार मुखपट्ट्या घ्यावयाच्या झाल्यास त्या कोणत्या घ्याव्यात, हाही प्रश्न मुख्याध्यापकांपुढे असतो. सबब या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार करून ठेवणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळल्यावाचून बचावाचे साधन निवडता येत नाही. प्लेगचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि दिनांक १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. तो गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्यापूर्वी लोक वासाला, ओलीला, धान्याच्या पोत्यांना दोष देत होते. पिसवांपुढे मुखपट्टी काय करणार? परंतु त्याच जंतूचा फुप्फुसाचा प्लेग १९१०–११ च्या हिवाळ्यात मांचुरियात उसळला, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी तो श्वासावाटे पसरतो असे ओळखले आणि जाळीदार सुती कापडाच्या थरांमध्ये कापूस घालून तयार केलेली मुखपट्टी सेवकांना बांधावयास लावली. एका नामांकित फ्रेंच डॉक्टरने ती बांधण्याचे नाकारले. काही दिवसांतच तो त्या रोगाने दगावला. जंतू एकच, पण वाट बदलली तसे साधनही बदलले. डासांच्या डेंग्यूसाठी किंवा दूषित पाण्याच्या काविळीसाठी मुखपट्टी निरुपयोगी आहे. इन्फ्लुएन्झा, करोना, गोवर, क्षय यांच्यासाठी ती उपयोगी आहे, कारण हे रोग श्वासावाटे फिरतात.

आता श्वासातून बाहेर काय पडते ते पाहू. खोकताना व बोलताना निरनिराळ्या आकाराचे ओले कण बाहेर पडतात. मोठे थेंब दोन-तीन हातांवर जमिनीवर पडतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही मायक्रॉनांचे व त्याहूनही लहान कण मात्र उदबत्तीच्या धुराप्रमाणे हवेत तरंगत राहतात. वर्गात हे सहज दाखविता येते. दारे-खिडक्या लावून एका कोपऱ्यात उदबत्ती पेटवावी. उन्हाच्या तिरिपेत धूर बराच वेळ रेंगाळताना दिसतो. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. पुढे काय होते ते सांगावे लागत नाही. हा एक प्रयोग मुलांच्या मनावर जेवढा ठसतो तेवढे दहा फलक ठसत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

करोनाचा विषाणू सुमारे एक दशांश मायक्रॉनाचा असतो. मग तो कापडाच्या छिद्रांतून सहज निघून जाईल, अशी शंका चौकस विद्यार्थी काढतोच, आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर असे की, विषाणू सहसा एकटा उडत नाही, ओलसर कणात बसून येतो. आणि दुसरे म्हणजे मुखपट्टी ही पिठाची चाळण नव्हे. ती बोरीबाभळींच्या दाट रानासारखी असते. वाऱ्याबरोबर उडत आलेली रुईची म्हातारी अशा रानात शिरली तर काय होते? जड वस्तू वळणावर वळू शकत नाही, ती फांदीवर आदळते. मध्यम वस्तू फांदीला घासून अडकते. अगदी हलकी वस्तू इकडेतिकडे भरकटत राहते आणि कुठे तरी चिकटते. तंतूंच्या रानात असेच घडते. मोठे कण आदळून अडकतात, अतिसूक्ष्म कण भरकटून अडकतात. सुमारे तीन दशांश मायक्रॉनाचे कण मात्र या दोहोंच्या मध्ये सापडल्यामुळे सर्वांत अधिक निसटतात. म्हणूनच मुखपट्टीची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतात. त्याहून लहान कण तिला अधिक अवघड जातात ही समजूत चुकीची आहे.

चांगल्या मुखपट्टीच्या मधल्या थरात आणखी एक युक्ती असते. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे अत्यंत बारीक तंतू फुंकून तो थर बनवितात आणि त्यास स्थिर विद्युतभार देतात. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तद्वत हे तंतू जवळून जाणारा कण ओढून घेतात. यामुळे थर दाट न करताही गाळण चांगली होते आणि श्वास कोंडत नाही. साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने हा भार क्षीण होतो. तेव्हा एन-९५ जातीची मुखपट्टी धुऊन दोरीवर वाळत घालणारा गृहस्थ तिच्यातील मोलाची गोष्टच धुऊन टाकीत असतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिली कापडाची. साथीच्या आरंभी दवाखान्यांनाच मुखपट्ट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्ये घरगुती मुखपट्टीची शिफारस केली आणि महिला बचत गटांनी त्या मोठ्या संख्येने शिवल्या. त्या वेळी ते योग्यच होते. परंतु कापडाकापडांत फार अंतर असते. उन्हाकडे धरली असता ज्यातून उजेड स्पष्ट दिसतो, अथवा जी बांधून मेणबत्ती सहज फुंकता येते, ती जवळजवळ नसल्यासारखीच समजावी. एकेरी रुमाल आणि विरलेल्या लुगड्याचा पदर याच वर्गात मोडतात. कापडाचीच वापरावयाची झाली तर दाट विणीची, तीन थरांची असावी.

दुसरी दवाखान्यात वापरतात ती घड्यांची निळी-पांढरी शस्त्रक्रियेची मुखपट्टी. तिचा गाळण्याचा गुण कापडाहून पुष्कळ चांगला असतो. उणीव आहे ती बसण्यात. गालांपाशी ती उघडी राहते आणि हवा नेहमी सोपी वाट धरते. विहिरीवरची मोट कितीही मजबूत असो, शिवण उसवली की पाणी वाटेतच सांडते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कृत्रिम खोकल्याचे सुमारे ५६ टक्के कण अशा मुखपट्टीने अडविले. तीच मुखपट्टी कानाच्या दोऱ्यांना कडेशी गाठ मारून व बाजूची घडी आत खोवून बसविली, तेव्हा हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. आणि तिच्यावरून कापडाची घट्ट मुखपट्टी बांधली, तेव्हा ८५ टक्क्यांवर. एका गाठीस पैसा लागत नाही. शिक्षकांनी ही गाठ स्वतः मारून पाहावी आणि मग पालकसभेत दाखवावी.

तिसरी एन-९५ अथवा तिच्या तोडीची. एन-९५ हे अमेरिकन मानक असून त्यात ९५ टक्के कण अडावे लागतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ९४७३ या मानकाखाली ‘एफएफपी-२’ अशी श्रेणी आहे. तिची मर्यादा ९४ टक्क्यांची. विकत घेताना आयएसआय चिन्ह, त्याखालील हा क्रमांक व श्रेणी पाहावी. नुसते ‘एन-९५’ छापण्यास कोणालाही शाई पुरते. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेली मुखपट्टी कानात अडकविण्याच्या मुखपट्टीपेक्षा बहुधा घट्ट बसते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी आणि जोराने श्वास सोडून पाहावे. डोळ्यांकडे किंवा गालांवर झुळूक लागली, चष्म्यावर बाष्प आले, तर ती बसलेली नाही. दाढी राखणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती नीट बसत नाही, हे त्यांनी मनाला लावून न घेता लक्षात घ्यावे. श्वास सोडण्याचे प्लास्टिकचे झडप असलेली मुखपट्टी मात्र शाळेसाठी घेऊ नये. तिच्यातून वापरणाराचा श्वास न गाळता बाहेर येतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २० जुलै २०२० रोजी राज्यांना पत्राने हेच कळविले होते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण आपला तालुका कापसाचा आहे. एन-९५ मुखपट्टी कण अडविते, वाफ अडवीत नाही. करोनासाठी आणलेली मुखपट्टी बांधून कोणी फवारणीस निघाला, तर त्यास अवश्य थांबवावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना फार जुनी नाही. त्या कामास वाफ शोषणारे निराळे गाळणयंत्र, हातमोजे व अंगभर कपडे लागतात.

एवढे करून गावात प्रत्यक्ष लाभ किती होतो? यास आपल्यासारख्याच खेड्यांतील एक उत्तर उपलब्ध आहे. बांगलादेशात २०२०–२१ मध्ये सुमारे ६०० गावांत, ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या व त्या बांधण्याविषयी सतत आठवण दिली. तेथे नीट वापरणारांचे प्रमाण शेकडा १३ वरून ४२ वर गेले. शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्या वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली, रक्ततपासणीने सिद्ध झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळली. साठ वर्षांवरील वृद्धांत ती सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होती. कापडी मुखपट्ट्यांच्या गावांत खात्रीने सांगण्याजोगा फरक दिसला नाही. आकडे प्रचंड नाहीत, हे मान्य केले पाहिजे. अर्ध्याहून अधिक माणसे तोंड उघडेच ठेवीत होती, हेही विसरू नये. परंतु ज्या घरात आजी-आजोबा व नातू एकाच खोलीत झोपतात, त्या घराच्या दृष्टीने वृद्धांचा हा आकडा लहान नव्हे. आपल्या तालुक्यातील पुष्कळ घरांतील कमावता मनुष्य रोज वाळूजच्या कारखान्यांत जातो आणि दाटीच्या वाहनातून परत येतो. जुलै २०२० मध्ये शहराबरोबर वाळूजचा औद्योगिक परिसरही १० ते १८ तारखेपर्यंत बंद ठेवावा लागला होता, तो काही उगीच नव्हे. घरात रोग येतो तो बहुधा त्या वाहनातून किंवा आपल्या वर्गातून.

मुलांच्या बाबतीत तारतम्य हवे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये असे सुचविले की, पाच वर्षांपर्यंतच्या बालकांवर मुखपट्टीची सक्ती नसावी. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत साथीचे मान, घरातील वृद्ध व मुलाची समज पाहून ठरवावे. बारा वर्षांपासून पुढे मोठ्यांप्रमाणेच वागावे. म्हणजे बालवाडीचा प्रश्नच उरत नाही. चौथीपर्यंतच्या वर्गांत बोलावयाचे तर डिसेंबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातील शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा मुले मधल्या सुटीत रंग आवडला म्हणून एकमेकांच्या मुखपट्ट्या बदलून घेताना लेखकाने पाहिली आहेत. मोठ्या मापाची पट्टी लहान चेहऱ्यावर गळून पडते व मूल दर मिनिटास तिला हात लावते. अशापेक्षा वर्ग निंबाखाली भरविणे केव्हाही श्रेयस्कर.

पहिलीच्या वर्गाची अडचण विशेष आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठांची. शिक्षकाचे ओठच झाकले असता मुलाने ती पाहून उच्चारावी कशी? कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा तर सगळा आधार ओठांवरच असतो. तेव्हा उच्चाराचा पाठ उघड्या पटांगणात, चार-पाच हातांचे अंतर ठेवून, तोंड उघडे ठेवून घ्यावा. आणि बंद खोलीतील काम मुखपट्टी बांधून करावे. शिक्षकालाच खोकला-ताप असेल तर मात्र पाठ उद्यावर ढकललेला बरा. मुखपट्टी बांधून आजारी शिक्षकाने वर्ग घेणे यात कर्तव्यनिष्ठा दिसते खरी, पण चाळीस घरांचा प्रश्न असतो. गोवराबाबत तर मुखपट्टीवर विसंबूच नये. २०२२ च्या अखेरीस मुंबई व मालेगाव येथे जी साथ उसळली तिचे मूळ चुकलेल्या लसींत होते. पटावरील मुलांच्या लसीची नोंद पाहणे हे त्या रोगावरचे पहिले काम.

शाळेसाठी खरेदी करावयाची झाल्यास सर्व पटासाठी स्वस्त कापडी पट्ट्या घेण्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्यांचा एक डबा वर्गात अचानक खोकू लागलेल्या मुलासाठी व त्याला घरी पोचविणाऱ्यासाठी ठेवावा. एफएफपी-२ च्या थोड्या मुखपट्ट्या दमा, मधुमेह अथवा हृदयविकार असलेल्या शिक्षकांसाठी व शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या वयस्क भगिनींसाठी असाव्यात. एफएफपी-२ ची मुखपट्टी भिजली, मळली वा सैल पडली की टाकून द्यावी. तोवर ती कागदी पाकिटात नाव घालून, हवेशीर जागी ठेवावी आणि दोन-तीन आलटून पालटून वापराव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कापडी मुखपट्टी रोज साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. टाकावयाच्या मुखपट्टीच्या दोऱ्या कात्रीने कापाव्यात, नाही तर त्या पक्ष्यांच्या पायांत अडकतात. आणि ती झाकणाच्या डब्यात टाकावी. उघड्या उकिरड्यावर गेलेली मुखपट्टी शेळ्या खातात.