काट्यावरचा कॅमेरा आणि कोपीतली माणसे



उसाचा काटा म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचा विषय. गाडी काट्यावर चढली की सगळ्यांची नजर आकड्यावर. तिथे कॅमेरा असला तर नको कोण म्हणेल? वजनाचा वाद निघालाच तर दाखवायला काहीतरी हाताशी असते.

पण तोच कॅमेरा जरा वळवला की टप्प्यात गाडीतळ येतो, ऊसतोड मजुरांच्या कोप्या येतात. बीडकडून आलेल्या या बायांना न्हाणीला आडोसा कसला, तर एखादे जुने लुगडे. त्यांचे चित्र ऑफिसातल्या पडद्यावर कुणी बघत बसावे, हे आम्हाला बिलकूल पटत नाही. बाई अशा खाजगी वेळी असताना तिचे चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला किमान 1 वर्ष, आणि 3 वर्षांपर्यंत कैद.

शिवाय 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. ओळखू येणारा चेहरा ही त्या माणसाची माहितीच. ती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत! आकडा वाचून आमच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा कॅमेरा कशासाठी आहे, चित्रण कोण बघतो, किती दिवस ठेवतात, हे संचालक मंडळाने लेखी ठरवावे. पाटी मराठीत लावावी. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुकादमाने समजावून सांगावे. नुसती पाटी टांगून भागत नाही.

सभासदांनीही एक ध्यानात ठेवावे. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हा वाद ऑफिसातल्या चित्रणावर आला होता. त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितले, की मूळ यंत्र कोर्टापुढे नसेल तर चित्रणाच्या नकलेबरोबर रीतसर दाखला लागतोच. म्हणून वजनाची तक्रार असेल तर चित्रण पुसले जाण्याआधी, लगोलग लेखी अर्ज द्यावा.

घरच्या किंवा विहिरीवरच्या कॅमेऱ्याचे काय, असे कुणी विचारील. निव्वळ घरगुती कामाला 2023 च्या कायद्यातून सूट आहे. मात्र त्याचे तोंड शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे असेल, तर कलम 77 तिथेही लागते.