मागला दिवा

सन २०२४ च्या माघांतील गोष्ट. वद्य पक्षांतली अंधारी रात्र होती. आम्ही कुटुंबासह शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे व तेथून दौंडास निघालों होतों. ज्या शिरुरास जुनीं माणसें घोडनदी म्हणत आलीं तेथपासून भीमाकांठच्या दौंडापर्यंतचा हा सारा मुलूख उसाचा. गाळपाचे दिवस असले म्हणजे दिवस मावळल्यावरहि ट्रॅक्टरांची रांग तुटत नाहीं. एकेका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या भरलेल्या असतात. पारगांवच्या अलीकडे रस्त्यावर काळोखाचा एक तुकडा इतरांहून अधिक काळा दिसला, इतकेंच. पुतण्यानें जीव खाऊन ब्रेक दाबला आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारीं उसाचीं वाढीं गाडीच्या कांचेपासून दोन हातांवर राहिलीं. मागल्या बैठकीवर आमच्या वहिनी व दोन लहान मुलें होतीं.

आम्ही उतरून ट्रॅक्टर थांबविला. रागाचे चार शब्द ओठांवर आले होते. परंतु तो चालक बिचारा आमच्याहून अधिक घाबरला. तो म्हणाला, “साहेब, दिवे आहेत. परवांच नवे बल्ब घातलेत. घरीं उभी असली कीं लागतात आणि रस्त्याला लागली कीं जातात.”

त्याचें हें वाक्य आमच्या मनांत घोळत राहिलें. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार ताशीं २० किलोमीटर चालणाऱ्या ट्रॉलीकडे दर सेकंदास सुमारें १७ मीटर सरकत असते. ट्रॉली ५० मीटरांवर दिसली, तर पाहणें, उमजणें आणि वेग आवरणें या सर्वांस मिळून तीन सेकंद मिळतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा व त्याखालील १९८९ चे नियम रात्रीं वाहनामागें तांबडा दिवा हवा असें सांगतात, तें उगाच नव्हे. परंतु या दिव्याची अडचण अशी कीं, ज्याच्या वाहनावर तो असतो त्यास तो कधींच दिसत नाहीं. पुढला दिवा गेला तर चालक तत्काळ थांबतो. मागला गेला तर त्यास पत्ताहि नसतो.

दुसऱ्या दिवशीं दौंडाजवळ एका स्नेह्यांच्या मळ्यांत गेलों, तों त्यांच्याहि ट्रॉलीचें हेंच रडगाणें. ब्रेक दाबला कीं ब्रेकचा दिवा मिणमिणे आणि शेजारचा इंडिकेटर आपण होऊन उजळे. तीन वेळां बल्ब बदलून झाले होते. आम्ही एका जाणत्या वायरमनास बोलावून सारी सकाळ त्यांत घातली. त्यांत जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों. कारण आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरची शेती आहे आणि ट्रॅक्टरहि आहे.

विजेस जाण्यासाठीं जशी वाट लागते तशी परतण्यासाठींहि लागते. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टांची. तिच्यापासून तार दिव्यापर्यंत जाते. परतीचें काम बहुधा लोखंडी सांगाड्यावर सोंपविलेलें असतें. यासच अर्थ म्हणतात. ट्रॉलीस परतीची निराळी तार नसली, तर वीज जोडाच्या पिनेवाटे ट्रॅक्टरकडे येते. त्या पिनेवर ग्रीस, गंज आणि चिखल यांचीं पुटें. गाडी उभी असतां लोखंड लोखंडास टेकतें व दिवा लागतो. रस्त्यावर हिसके बसूं लागले कीं तें सुटतें. परतीची वाट अशी अडली म्हणजे वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाटेनें फिरते. म्हणून ब्रेक दाबला असतां इंडिकेटर उजळतो. दोष बल्बाचा नव्हताच!

तपासणीस मोठें यंत्र नको. १२ व्होल्टांचा एक बल्ब व त्यास जोडलेल्या दोन लांब तारा पुरतात. प्रथम ट्रॉलीचा प्लग काढावा. चाचणीच्या दिव्याची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास लावावी व दुसरी ट्रॅक्टरमागील सॉकेटाच्या एकेका छिद्रांतील धातूस टेकवावी; त्या वेळीं दुसऱ्यानें बसून दिवे, ब्रेक व इंडिकेटर क्रमानें चालू करावे. येथें दिवा लागला नाहीं तर दोष ट्रॅक्टरमध्यें आहे. फ्यूज व स्विच पाहावे. लागला तर ट्रॅक्टर निर्दोष. मग प्लग जोडून ट्रॉलीच्या होल्डरापाशीं हीच परीक्षा करावी. तेथवर वीज येते आणि तरीहि बल्ब लागत नाहीं, असें झाल्यास होल्डराच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत एक सुटी तार धरून पाहावी. बल्ब झळकला तर परतीची वाट खराब, हें सिद्ध झालें. होल्डरापर्यंत वीज येतच नसेल, तर तारेच्या मधल्या जोडापाशीं पाहावें. तेथें असेल तर दोष पुढल्या अर्ध्यांत, नसेल तर मागल्या अर्ध्यांत.

सात पिनांच्या सॉकेटांत आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें पांढरी तार अर्थची, तांबडी ब्रेकची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या इंडिकेटराची, काळी व तपकिरी मागल्या दिव्यांची असते. परंतु गांवोगांवीं हाताला येईल ती तार जोडण्याचा प्रघात असल्यानें रंगावर विसंबूं नये, परीक्षेवर विसंबावें. परदेशांत मोटारीमागें फिरतें घर जोडून सहलीस जाणारीं कुटुंबेंहि याच दुखण्यानें गांजलेलीं असतात आणि त्यांचा उपायहि हाच.

आमचा उपाय असा झाला: होल्डराजवळचा गंज काचकागदानें लख्ख घांसून काढला, तेथून प्लगपर्यंत परतीची स्वतंत्र जाड तार ओढली, सर्व जोड पक्के करून पाण्यापासून झांकले आणि जेथें तार लोखंडाच्या धारेवर घांसत होती तेथें रबरी नळी चढविली. खर्च किरकोळ; श्रम एका सकाळचे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. फ्यूज वारंवार जाऊं लागला म्हणजे त्याच्या जागीं तारेचा तुकडा गुंडाळण्याची खोड पुष्कळांस आहे. फ्यूज जातो तो कोठें तरी उघडी तार लोखंडास टेकल्याची वर्दी देऊन जातो. ती वर्दी बंद केली तर तारेवरचें आवरण जळूं लागतें. आणि ट्रॉलींत वाळकें पाचट असतें, हें विसरून चालणार नाहीं.

दिव्यासोबत मागील फळीवर तांबडे परावर्तकहि लावावे. त्यांस वीज लागत नाहीं. मात्र वाढ्यांनीं झांकलेला किंवा चिखलानें माखलेला परावर्तक निरुपयोगी होय. फडांतून निघतांना त्यावरून एक ओला बोळा फिरवावा.

स्नेह्यांच्या घरीं आतां एक नवा नेम झाला आहे. ट्रॉली अंगणांतून निघतांना घरांतील एक मूल सुरक्षित अंतरावर मागें उभें राहतें आणि चालकानें एकेक कळ दाबली कीं मोठ्यानें सांगतें, “मागला आहे, ब्रेक आहे, डावा आहे, उजवा आहे!” चालकास जें दिसत नाहीं तें दुसऱ्यानें पाहून सांगावयाचें, एवढाच त्यांतला मतलब. यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. ज्यांच्या घरीं ट्रॉली आहे त्या वाचकांनीं आज सायंकाळींच हें करून पाहावें. त्या रात्रीं आमची मुलें सुखरूप घरीं पोंचलीं. मागून येणाऱ्या दुसऱ्या कोणाचींहि तशींच पोंचावीं, यासाठींच हा लेखनप्रपंच.