कुणाला कोणती कादंबरी

जबलपूरच्या कॉलेजांत इंग्रजी साहित्य घेणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न मी शिकवायला लागले तेव्हापासून बदललेला नाही : "मॅडम, पतली वाली कौन-सी है?" घरी मराठी बोलोत, बुंदेली बोलोत नाहीतर बंगाली, हा प्रश्न हिंदीतच येतो. त्यात आळस थोडा आणि धास्ती फार. शाळेत उतारे आणि प्रश्नोत्तरं यापलीकडे इंग्रजी न वाचलेल्या मुलापुढे एकदम 'मिडलमार्च' ठेवली, तर तो जाडीच बघणार.

पण जाडी फसवते. कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' दीडशे पानांच्या आत आटोपते आणि मुलं तिसऱ्या पानावर अडकतात. 'जेन आयर' तिच्या तिप्पट-चौपट, पण ती परीक्षेच्या तोंडावरही मुली संपवतात.

या शहरात कादंबरी निवडायचं काम पूर्वी विद्यार्थ्याचं नव्हतंच. सागरला १८३६ साली निघालेलं सरकारी कॉलेज १८७३ मध्ये इथं आलं आणि पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून नावाजलं. परीक्षा घेणारं विद्यापीठ मात्र बदलत राहिलं. १९२३ नंतर नागपूर, १९४६ नंतर सागर आणि १९५६ पासून शहराचं स्वतःचं, म्हणजे आजचं राणी दुर्गावती विश्वविद्यालय. कुठली कादंबरी थोर हे दूर कुठंतरी ठरायचं, इथल्या मुलांनी ती पाठ करायची. पाठ म्हणजे कादंबरी नव्हे, कुंजी. पास होण्यापुरतं ते चालूनही जायचं.

वर्गाबाहेरचा वाचक मात्र आपलं आपण निवडत होता, आणि मराठी वाचकाचा तर इतिहासच तसा आहे. वर्गाच्या वाटेने आपल्याकडे डॉ. जॉन्सनचा 'रासेलस' आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भाषांतर सुरू केलं, विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. बाजाराच्या वाटेने आला रेनॉल्ड्स, ज्याला विलायतेतले प्राध्यापक दाराशीही उभं करत नव्हते. एकविशीतल्या हरिभाऊ आपट्यांनी १८८५ साली 'मधली स्थिति' लिहिली ती याच रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'चा आधार घेऊन. हरिभाऊंनी थोरांच्या यादीवर बोट ठेवून पुस्तक उचललं असतं तर मराठी कादंबरीचं काय झालं असतं, हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम टाकत असे.

जबलपूरला ही बाजाराची वाट रेल्वेची होती. अलाहाबादहून गाडी १८६७ मध्ये इथं पोचली, १८७० मध्ये लाईन मुंबईच्या बाजूनेही जोडली गेली. अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने १८८८ साली किपलिंगची सुरुवातीची पुस्तकं काढली तीच मुळी रेल्वेच्या प्रवाशांसाठी. माझ्या पिढीने अगाथा क्रिस्टी आणि हॅडली चेस स्टेशनवरच्या व्हीलरमधूनच घेतले, आणि ते घ्या असं कुणी सांगावं लागलं नाही.

नव्वदच्या दशकात कॉलेजात आवडीचं एखादं पुस्तक वाचून त्यावर लिहायला सांगण्याची मोकळीक थोडीफार मिळाली, तेव्हा खरं काम सुरू झालं. "तुला काय वाचायला आवडतं?" हा प्रश्न बिनकामाचा, हे लवकरच ध्यानात आलं. उत्तर येतं "कुछ भी" किंवा "मोटिव्हेशनल". त्याऐवजी मी विचारायला लागले, "तुमच्या घरी वाद कशावरून होतात?" आधी हशा व्हायचा, मग मुलं बोलायची. इंग्रजी कादंबरी शंभर-दीडशे वर्षं जगली ती मृत्युपत्रं, वाटण्या, कर्ज, लग्नं आणि पडलेल्या भावांवर. आपल्या घरांतही दुसरं काय चालतं?

पाटण-सिहोऱ्याकडून येणारी मुलं घ्या. वडील शेतकरी नाहीतर मंडीत आढत. अभ्यासक्रमात हार्डीची 'टेस' असायची आणि ती या मुलांना रडकी वाटायची. त्यांच्यातल्या एकाला मी 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' दिली, १८८६ची. दारूच्या नशेत जत्रेत बायकोला पाच गिनींना विकणारा हेंचर्ड पुढे धान्याचा बडा व्यापारी आणि नगराध्यक्ष होतो, इथपर्यंत कुंजीतही असतं. या मुलाने पकडला तो मधला भाग. पीक पावसात सापडणार असं भाकीत एक हवामान सांगणारा करतो, हेंचर्ड त्यावर विसंबून चढ्या भावाने धान्य भरून ठेवतो. ऊन पडतं, भाव कोसळतात, तो घाबरून तोट्यात विकून मोकळा होतो, आणि ऐन कापणीत पाऊस येतो. मुलगा म्हणाला, "मॅडम, इसने माल आठ दिन रोक लिया होता तो बच जाता." मग अंकुरलेल्या गव्हाची भाकरी कशी चिकट होते, ओल लागलेलं पोतं हात घालून कसं ओळखतात, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. समीक्षेच्या पुस्तकांत नियती आणि चारित्र्य यांवर पानंच्या पानं असतात. मालाच्या भावावर एवढं नेमकं बोलणारा विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही. इंग्रजी त्याचं बेताचंच होतं, पुस्तक मात्र त्याने शब्दकोश न उघडता संपवलं.

मराठी घरांतला वाद बहुतेक वेळा घराचाच. आजोबा रेल्वेत किंवा गन कॅरेज फॅक्टरीत लागले, राइट टाउनला नाहीतर गोलबाजाराकडे घर बांधलं, आता एक काका पुण्यात, एक अमेरिकेत, आणि घर सांभाळणारा तिसरा. अशा घरातल्या मुलीला फॉर्स्टरची 'हॉवर्ड्स एंड' (१९१०) द्यायची. मिसेस विल्कॉक्स मरताना पेन्सिलीने चिठ्ठी लिहून घर एका मैत्रिणीच्या नावे करते आणि घरची माणसं ती चिठ्ठी सरळ जाळून टाकतात. हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. फॉर्स्टर आपल्याला तसा परकाही नाही. १९२१ साली तो काही महिने देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा, तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता, म्हणजे मराठी दरबारातच वावरला. वकिलांच्या मुलांना, आणि हायकोर्ट असलेल्या गावात ती भरपूर, त्याचीच 'अ पॅसेज टू इंडिया' द्यायची. भर कोर्टात फिर्यादी बाईच आरोप मागे घेते तिथं त्यांच्यात वाद पेटतो, आणि वर्ग संपला तरी कुणी उठत नाही.

मातीचा धागा हा दुसरा मार्ग, पण तो जपून वापरायचा. ठगांचा बंदोबस्त करणारा कर्नल स्लीमन जबलपूरचाच अधिकारी. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना इथंच गालिचे आणि तंबू बनवायला लावलं. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद स्टेशन त्याच्या नावाचं. रोज तिथून ये-जा करणाऱ्या मुलांना ते नाव कुणाचं हे ठाऊक नसतं. त्यांना मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) किंवा जॉन मास्टर्सची 'द डिसीव्हर्स' (१९५२) दिली की वाचतात, झपाट्याने वाचतात. मात्र ठगांचं हे चित्र साहेबाने किती रंगवलं, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, हे आधी सांगायचं. मला स्वतःला टेलरची 'तारा' (१८६३) अधिक आवडते. तुळजापूर, विजापूर, अफझलखान, शिवाजी महाराज, सगळं तिच्यात आहे. पण मुलं ती निम्म्यात सोडतात. विषय आपला असला तरी वाक्यं फार लांब. 'जंगल बुक' तर शेजारच्या सिवनीचं म्हणून सगळ्यांनाच हवं असतं. ते कादंबरी नाही, कथांचा संग्रह आहे, आणि किपलिंगने सिवनी पाहिली नव्हती, हे ऐकून चेहरे पडतात. त्यांना मी 'किम'कडे वळवते.

२००० नंतर हॅरी पॉटर आला. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने त्याची हिंदी आणि मराठी भाषांतरं काढली, त्यामुळे वर्गात पाऊल टाकण्याआधीच आडदांड कादंबरी वाचून झालेली पहिली पिढी मला मिळाली. जाडीची धास्ती तिथं मोडली. मावशीच्या घरी उपरा म्हणून वाढणारं पोर आणि वसतिगृहाची शाळा ज्यांना भावली, त्यांच्या हाती 'जेन आयर' ठेवावी. मामीच्या घरातला छळ आणि लोवूडची शाळा पहिल्या काही प्रकरणांतच येते. जरा मोठ्या मुलांना इशिगुरोची 'नेव्हर लेट मी गो' द्यावी. शाळा तीही आहे, फक्त तिथून बाहेर पडणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आधी सांगायचं नाही.

गेल्या दशकात सीबीएसईनेही शाळांना निवड देऊन पाहिली. बारावीला 'सायलस मार्नर' किंवा 'द इन्व्हिजिबल मॅन', नववीला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' किंवा 'थ्री मेन इन अ बोट'. निवड शाळेची, मुलाची नाही. माझ्या ओळखीच्या शाळांनी बारावीला डोळे मिटून वेल्सचा अदृश्य माणूस घेतला. दत्तक लेकरावरून उठणारा 'सायलस मार्नर'मधला पेच कुणाला तरी आपला वाटला असता, पण विचारलं कुणी? पुढे ही पुस्तकं अभ्यासक्रमातून गेलीच.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला प्रोजेक्ट आहे. पुस्तक बहुधा फोनवर, गुटेनबर्गवरून फुकटात उतरवलेलं. मी निवृत्त झाले तरी ओळखीची मुलं घरी येतात. अलीकडे आलेला एक मुलगा जिल्ह्याच्या संघातून खेळतो आणि घरचा वाद उघड आहे : अभ्यास की क्रिकेट. त्याला वुडहाउसची 'माइक' (१९०९) सुचवली. प्रगतिपुस्तक वाईट आलं म्हणून माइकचे वडील त्याला चांगल्या संघाच्या शाळेतून काढून दुसरीकडे घालतात, तिथपर्यंत तो पोचला आहे. घरी त्याने कादंबरीचा विषय सांगितलेला नाही. "इंग्लिशचा प्रोजेक्ट आहे," एवढंच सांगून ठेवलंय.