गिटारचं घराणं: माद्रिदचे रामिरेस

आपल्याकडे गाण्याची घराणी असतात, तशी स्पेनमध्ये गिटार बनवणाऱ्यांची असतात. आज बघू माद्रिदचं रामिरेस घराणं.

होसे रामिरेस यांनी १८८२ मध्ये वर्कशॉप सुरू केलं. धाकटा भाऊ मानुएल त्यांच्याकडेच शिकला, पण पुढे त्याने माद्रिदमध्येच वेगळं दुकान थाटलं आणि भावाभावांत बिनसलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, प्रोजेक्ट फोर्क झाला!

गंमत म्हणजे दोन्ही फांद्या वाढल्या. मानुएलने १९१२ मध्ये तरुण आंद्रेस सेगोवियाला दिलेली गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मानुएलकडचा कारागीर दोमिंगो एस्तेसो याने आपल्या भाच्यांना शिकवलं. हेच ते कोंदे बंधू, ज्यांच्या गिटारी पाको दे लुसियाने वाजवल्या. होसेंच्या घरात तर आता पाचवी पिढी काम करतेय.

आता क्लासिकल आणि फ्लामेंको गिटारमध्ये फरक काय? क्लासिकलची पाठ आणि बाजू बहुतेक वेळा शिसवीच्या. लाकूड जड, त्यामुळे सूर भरीव आणि लांबणारा. फ्लामेंकोला परंपरेने सायप्रस वापरतात, जे हलकं आणि स्पेनमध्ये स्वस्तात मिळणारं. आवाज कडक, पटकन उठतो, पटकन विझतो. नाचणाऱ्यांच्या टाचांच्या ठेक्यात तोच हवा असतो. तारा पट्टीच्या जास्त जवळ असतात, आणि बोटांनी ठोके मारतात म्हणून वरच्या फळीवर एक पातळ संरक्षक थर चिकटवतात.

मग मापं घेऊन कॉपी का नाही करता येत? कारण वरची फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, आणि प्रत्येक लाकूड वेगळं. कारागीर फळी वाकवून बघतो, टिचकी मारून ऐकतो, आणि कुठे थांबायचं ते ठरवतो. नकाशात ‘कुठे थांबायचं’ हे लिहिता येत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं. म्हणून एखादं वर्कशॉप वारस न घडवता बंद पडलं, की मापं उरतात, पण तो कान जातो.

परंपरा म्हणजे जुनंच धरून बसणं, असंही नाही हं. तिसऱ्या होसेंनी १९६० च्या दशकात वरच्या फळीसाठी स्प्रूसऐवजी सीडार आणलं, आणि आज ते जगभर वापरतात.

आपला संबंध? ब्राझिलियन रोझवुडच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्याच्या जागी सर्रास वापरलं जाणारं लाकूड म्हणजे भारतीय शिसवी, आपल्या सह्याद्रीतही वाढणारी.

आज हेडफोन लावून आधी सेगोविया ऐका, मग पाको. आवाज कुठे लांबतो, कुठे तुटतो ते पकडा, आणि कमेंटमध्ये सांगा!