छताला टिचकी

धामणगाव रेल्वेच्या फाटकावर कोळशाची मालगाडी संपेपर्यंत कधी थांबला आहात? मोजायला घेतली तर साठेक डबे आणि जवळपास 4 हजार टन कोळसा. वणी-घुग्घुसचा कोळसा याच वाटेने पारसच्या वीज केंद्राकडे जातो. आपल्याकडच्या बऱ्याच खाणी उघड्या आहेत, पण काही भुयारी. आता मला सांगा, पोटातला कोळसा काढल्यावर वरची जमीन खाली का येत नाही?

कारण सगळा कोळसा काढतच नाहीत! मधे कोळशाचेच चौकोनी खांब राखतात, जुन्या वाड्यासारखे. 200 मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर वरच्या खडकाचं वजन किती असेल? सुमारे 500 टन. दहा टनी 50 ट्रक तेवढ्याशा जागेवर एकावर एक! शिवाय पोखरलेल्या भुयाराच्या वाट्याचं ओझंही शेजारच्या खांबांवरच येतं.

खांबांमधलं छत बहुधा पापुद्र्यांचं असतं. म्हणून त्यात भोकं पाडून पोलादी सळया घट्ट बसवतात. वहीचे सुटे कागद दाभणाने शिवले की पुठ्ठ्यासारखे ताठ होतात ना, अगदी तसं. पण शिवण धरली का, हे कसं ओळखायचं? छताला ठोकून! आवाज खणखणीत आला तर ठीक. भद्द आला, तर आत पापुद्रा सुटलाय, मागे सरा! बाजारात मडकं घेताना आपल्या आज्या टिचकी मारून हेच तर ऐकत आल्या.

आज्यांचा कान इतका तयार, मग भुयारात बाई का नव्हती? होती की! 1920 च्या सुमारास देशातल्या कोळसा खाणींत तिसऱ्या हिश्शाहून जास्त मजूर बाया होत्या. 1929 च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने भुयाराबाहेर काढलं, 1937 मध्ये दार लागलं. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा, 1943 मध्ये, त्यांना पुन्हा खाली बोलावलं. गरज सरली, 1946 मध्ये पुन्हा वर! 1952 च्या खाण कायद्यातही बंदी राहिली. मला हे वाचताना राग येतो, आणि त्या बायांची नावं कुठेच नाहीत याचा जास्त.

पुढची गाठ तर बघा. खाण चालवायची तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. भुयारी खाणीच्या प्रमाणपत्रासाठी भुयारातला अनुभव हवा, आणि बाईला भुयारातल्या कामाला तेव्हा बंदी! त्याही आधी कॉलेजचं दार. 1990 च्या दशकात चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीच्या पदवीसाठी थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. त्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून ओळखल्या जातात. नंतर नागपुरातच खाण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. विषय कोणता? तोच, खडक किती ओझं पेलतो!

बंदी सैलावली जानेवारी 2019 मध्ये. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी बायकांना भुयारात उतरता येऊ लागलं, मात्र लेखी संमतीने आणि एका पाळीत निदान तिघी असतील तर. 2021 मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या, कोल इंडियाच्या भुयारी खाणीतल्या पहिल्या महिला खाण अभियंता. आज धामणगावची पोरगी गाडीत बसून नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत हेच शिकू शकते. पहिल्या पाळीला खाली उतरेल तेव्हा डोक्यावर दिवा, हातात काठी. छताला ठोकायचं आणि कान द्यायचा.