वाड्यावाड्यांतून पुण्याची ओळख

पुण्याचा इतिहास सांगताना शनिवारवाड्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० मध्ये या वाड्याचे काम सुरू केले. १८१७ मध्ये त्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि १८२८ च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि इमारतींची जोती एवढेच आज तेथे पाहावयास मिळते. परंतु पुण्याची पुढील शंभर वर्षांची जडणघडण या तटाआड झाली नाही. ती झाली पेठांमधील साध्या घरांत, भाड्याच्या वाड्यांत आणि गावाबाहेरच्या एका झोपडीत. या वास्तूंत राहणाऱ्या व्यक्तींनी आपल्या घराचे दार इतरांसाठी उघडले आणि त्यातून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अनेक संस्था उभ्या राहिल्या. पूर्वेकडील गंज पेठेपासून पश्चिमेकडील हिंगण्यापर्यंत या घरांचा मागोवा घेतला, तर शहराचा एक वेगळाच नकाशा हाती येतो.

गंज पेठेतील हौद

आज महात्मा फुले पेठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गंज पेठेत महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा आहे. वास्तू बेताचीच आहे. आवारात जोतीरावांची समाधी व तुळशीवृंदावन आहे आणि पाण्याचा हौदही आहे. सार्वजनिक पाणवठ्यांवर अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नव्हते, त्या काळात १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. विचार प्रथम घरात आचरावा व मग समाजास सांगावा, हा या वास्तूचा धडा होय.

बुधवारातील पहिली शाळा

गंज पेठेतून बुधवार पेठ फार दूर नाही. तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवीत. शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकण्यात येई, तथापि शाळा चालू राहिली. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांचे निधन झाले.

याच १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. मुलींना अक्षर शिकवणारी शाळा आणि प्रौढांना वाचनाची गोडी लावणारे ग्रंथालय यांचा आरंभ एकाच वर्षी व्हावा, ही गोष्ट त्या काळातील पुण्यात काय घडू लागले होते याची निदर्शक आहे.

हुजूरपागा आणि रानड्यांचे घर

लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागा हे नाव मुलींच्या शाळेचे आहे हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र पागा म्हणजे घोड्यांचा तबेला हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. पेशव्यांचे घोडे जेथे बांधले जात, त्या जागी पुढे मुली शिकू लागल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नांतून १८८४ मध्ये मुलींसाठी ही माध्यमिक शाळा निघाली.

न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यास आले. त्यांच्या घरातही एक शाळा भरत असे. तिच्यात एकच विद्यार्थिनी होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नी रमाबाई. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. न्यायमूर्तींच्या निधनानंतर १९०९ मध्ये याच रमाबाईंनी रानडे वाड्यात पुणे सेवासदनाचे काम सुरू केले. तेथे शिकून शेकडो स्त्रिया शिक्षिका व परिचारिका झाल्या.

नारायण पेठेतील वाद

पुण्यातील थोर व्यक्तींची घरे जवळजवळ होती. मते मात्र जवळ होतीच असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढील वर्षी गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. त्याच वर्षी 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील खटल्यात टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या प्रश्नावर मात्र हे जिवलग मित्र दुरावले. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यांच्या हयातीतच विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

लोकमान्यांनी १९०५ मध्ये नारायण पेठेतील गायकवाड वाडा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून विकत घेतला. केसरीवाडा म्हणून तो आज ओळखला जातो. राहते घर, वृत्तपत्राची कचेरी आणि राजकीय चळवळीचे केंद्र अशा तिन्ही नात्यांनी या वाड्याने काम केले. लोकमान्य व गोपाळ कृष्ण गोखले यांचे राजकीय मतभेद सर्वश्रुत आहेत. तथापि १९१५ मध्ये गोखल्यांचे निधन झाले, तेव्हा स्मशानात उभे राहून लोकमान्यांनीच त्यांच्या देशसेवेचा गौरव केला. वाद मतांचा होता, माणसांचा नव्हता, याची साक्ष पुण्याच्या इतिहासात अशी ठिकठिकाणी मिळते.

मुठेपलीकडे

पेठा अपुऱ्या पडू लागल्या तसे हे कार्य मुठा नदी ओलांडून पलीकडे गेले. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयास पुढे टेकडीच्या पायथ्याशी प्रशस्त जागा मिळाली. आगरकर या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. डॉ. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह ज्या संस्थेस दिला, ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाले.

त्याही पलीकडे हिंगणे आहे. फर्ग्युसनमधील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेत १९०० मध्ये एक झोपडी उभारून तो तेथे हलवण्यात आला. महाविद्यालयातील काम आटोपून कर्वे पायी हिंगण्यास जात. या झोपडीतील कार्याची परिणती पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठाच्या स्थापनेत झाली. १९५८ मध्ये 'भारतरत्न' झालेल्या महर्षी कर्व्यांची ती झोपडी आजही जतन केलेली आहे.

वास्तू जपण्याचा प्रश्न

लाकूड, माती व विटा यांनी बांधलेले वाडे दगडी किल्ल्यांसारखे टिकत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. एकत्र कुटुंबे विभागली, मालक व भाडेकरू यांचे वाद वाढले, दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि वाड्यांच्या जागी इमारती आल्या. भिडे वाड्याचेही असेच झाले. दीर्घ काळ चाललेल्या न्यायालयीन वादानंतर जीर्ण झालेला हा वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या जागी सावित्रीबाईंच्या शाळेचे स्मारक उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. स्मारक आवश्यकच आहे. परंतु ज्या भिंतींनी पहिल्या मुलींचे पाढे ऐकले, त्या भिंती पुन्हा उभ्या राहणार नाहीत.

जतन कसे करता येते, याचेही उदाहरण पुण्यातच आहे. दिनकर केळकर यांनी बाजीराव रस्त्यानजीकच्या आपल्या राहत्या घरात दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे अशा नित्याच्या वस्तूंचा संग्रह जमवला. अकाली निधन पावलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि १९७५ मध्ये सुमारे वीस हजार वस्तूंचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका घराचे दार सर्वांसाठी उघडण्याची पुण्याची परंपरा येथेही दिसते.

पुणे महानगरपालिकेने अनेक थोर व्यक्तींच्या निवासस्थानांवर निळे स्मृतिफलक लावले आहेत. पेठांतील गर्दीत ते सहसा नजरेस पडत नाहीत. शाळांनी वर्षातून एक सकाळ विद्यार्थ्यांना या मार्गाने पायी न्यावे, फलक वाचावयास लावावे आणि त्या घरात कोण राहत होते, त्यांनी कोणासाठी दार उघडले, हे सांगावे. जे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांच्या रक्षणाची निकड अशा पाहणीतूनच नागरिकांस उमगेल.