आठवणींचे दागिने मनगटावर गुंफताना

आयुष्यातील एकेका प्रसंगाची खूण म्हणून साखळीला छोटी लटकने अडकवायची, म्हणजे तयार होते ते 'चार्म ब्रेसलेट'. दुकानात ते तयारही मिळते. पण तयार ब्रेसलेटमध्ये हृदय, चांदणी, किल्ली, आयफेल टॉवर अशी तीच ती चिन्हे असतात. परदेशातील मनोरा न पाहिलेल्या मुलीच्या हातावर तो लटकत असेल, तर त्या दागिन्याला व्यक्तिगत म्हणता येत नाही. आपले ब्रेसलेट आपणच रचायचे असेल, तर सुरुवात दुकानातून न करता आपल्या आठवणींपासून करावी लागते.

जुनीच कल्पना, नवे रूप

या दागिन्याला लोकप्रियता मिळाली ती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीमुळे. १८४० मध्ये पहिली मुलगी झाल्यावर तिला एक सोन्याची साखळी भेट मिळाली. पुढे प्रत्येक अपत्यागणिक त्या साखळीत मीनाकाम केलेल्या हृदयाकृती डबीची भर पडत गेली. अशा एकूण नऊ डब्या झाल्या आणि प्रत्येकीत त्या त्या मुलाच्या केसांची बट जपलेली होती. डेन्मार्कच्या 'पँडोरा' कंपनीने २००० साली मण्यांसारखे ओवता येणारे चार्म बाजारात आणले आणि ही कल्पना जगभर पोहोचली.

मनगटावर अर्थपूर्ण वस्तू बांधण्याची रीत आपल्याला मात्र नवी नाही. तान्ह्या बाळाच्या हातातील काळ्या मण्यांची मनगटी, सोन्याच्या बिंदल्या, गळ्यातील ताईत ही सारी त्याच भावनेची रूपे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांतील बंजारा तांड्यांवर चांदीच्या जुन्या नाण्यांना कडी जोडून हार गुंफण्याची, ओढणीला कवड्या व आरसे लावण्याची परंपरा आहे. घुगरी, टोपली, हासली या दागिन्यांवरून त्या स्त्रीची ओळख ठरे. आपण आज ज्याला 'पर्सनलाइज्ड' म्हणतो, ते याहून वेगळे काय आहे?

आधी कागद, मग सराफ

सराफाकडे जाण्यापूर्वी घरीच तीन कामे उरकावीत. पहिले काम मापाचे. मनगटाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा आणि त्यात एक इंच मिळवावा. साध्या साखळीला अर्धा इंच सैलपणा पुरतो. लटकने आली की साखळी खाली ओढली जाते, म्हणून थोडी अधिक जागा हवी.

दुसरे काम निवडीचे. मनात येतील त्या दहा-बारा गोष्टी कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती का हवी, हे एका वाक्यात मांडावे. ज्यांच्यापुढे वाक्य सुचत नाही, त्या खोडाव्यात. उरलेल्यांतून तीन किंवा पाच निवडाव्यात. विषम संख्येमुळे एक लटकन मध्यभागी येते आणि बाकीची दोन्ही बाजूंना तोलून बसतात. पहिल्याच दिवशी साखळी भरून टाकली, तर पुढच्या आयुष्याला जागा उरत नाही.

तिसरे काम रेखाटनाचे. प्रत्येक चिन्ह प्रत्यक्ष आकारातच काढावे. दीड-दोन सेंटिमीटरहून लांब लटकन लिहिताना टेबलावर आपटते, कपड्यात अडकते. अणकुचीदार टोके टाळावीत. देवनागरी अक्षरे कोरायची असल्यास विशेष काळजी घ्यावी. एक सेंटिमीटरच्या चकतीवर 'क्ष्मी'सारखे जोडाक्षर बुजून जाते, वेलांटी व रफार तुटतात. तिथे पूर्ण नावाऐवजी एखादे मोकळे अक्षर खुलते.

चिन्हे आपल्या मातीतली

चिन्हांसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. कापसावर ज्यांचे शिक्षण झाले, लग्ने झाली, अशा घरांसाठी उमललेले बोंड हे किती बोलके चिन्ह आहे! जिल्ह्यातील जंगलांची खूण म्हणून सागाचे पान, पोळ्याचा बैल, कळंबच्या चिंतामणीचे स्मरण म्हणून छोटा गणपती ही आणखी काही उदाहरणे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. ती आता बंद पडली आहे. पण ज्या आजी-आजोबांनी तिच्यातून प्रवास केला, त्यांच्या नातीच्या मनगटावर चांदीचे इवलेसे इंजिन असायला काय हरकत आहे?

बंजारा दागिन्यांचे सौंदर्य आवडत असेल, तर तांड्यावर काम करणाऱ्या स्त्रियांकडून नवे काम करून घ्यावे आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. अडचणीच्या काळात मोडीत निघालेले पिढीजात दागिने स्वस्तात घेऊन त्यांचे तुकडे करणे म्हणजे दुसऱ्याची आठवण तोडून आपली सजवणे होय.

आजीच्या डबीतील ठेवा

घरातील जुन्या वस्तू हा चार्मचा सर्वांत मोलाचा साठा. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असतो. मनगटासाठी तो जड होतो. पावली मात्र २.९ ग्रॅमची आणि चवली दीड ग्रॅमच्या आतली असल्याने लटकन म्हणून छान शोभते. १९४० पूर्वीच्या या नाण्यांत सुमारे ९१.७ टक्के चांदी आहे. त्यानंतरच्या नाण्यांत ती निम्म्यावर आली. नाण्याला भोक पाडू नये, त्याचे संग्रहमूल्य जाते. कडेने चांदीची चौकट बसवून तिला कडी लावावी. एकाकी उरलेली कुडी, तुटलेल्या पैंजणाचा घुंगरू, मंगळसूत्रातील सुटी वाटी यांनाही असेच नवे आयुष्य देता येते. 'वितळवून नवे करू' हा सल्ला स्वीकारण्याआधी घरातील मोठ्यांना त्या वस्तूची कथा विचारावी. एकदा वितळलेली वस्तू परत मिळत नाही.

एका वस्तूबाबत मात्र कायदा कठोर आहे. अनेक जुन्या घरांत सोन्यात मढवलेले वाघनख आढळते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघाच्या कोणत्याही अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. वारसाने आलेली वस्तू बाळगण्यासही मालकीचे अधिकृत प्रमाणपत्र लागते. हस्तिदंताच्या विक्रीवरही बंदी आहे. ज्या जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ सुमारे तीन हजार किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तिथल्या रहिवाशाने नखाऐवजी चांदीत घडवलेला वाघाच्या पावलाचा ठसा मिरवावा, हेच उचित.

घडणावळ आणि पावती

पाया म्हणून घ्यायच्या साखळीच्या कड्या झाळलेल्या, म्हणजे सांधा पक्का केलेल्या असाव्यात. नुसत्या दाबून मिटवलेल्या कड्या ओझ्याने उघडतात आणि लटकन हरवते. मौल्यवान वस्तू झाळलेल्या कडीत घ्यावी. जी अधूनमधून बदलायची आहे, ती किल्लीच्या रिंगसारख्या दुहेरी वळ्यात अडकवावी. फासा एका हाताने लावता येतो का, हे दुकानातच पाहावे.

चांदी ९२५ शुद्धतेची घ्यावी. त्याहून शुद्ध चांदी अशा नाजूक कामाला मऊ पडते. स्वस्त मिश्रधातूंतील निकेलमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा असला, तरी दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. चार्म बहुधा याच वजनाचे असतात. त्यामुळे वजन, शुद्धता आणि घडणावळ यांची वेगवेगळी नोंद असलेली पावती मागून घ्यावी. वस्तू जितकी लहान, तितका एकूण किमतीत घडणावळीचा वाटा मोठा असतो. दोन सराफांकडे विचारपूस केल्यास फरक लक्षात येतो.

लहान मुलांच्या हातात सुटी होणारी लटकने देऊ नयेत; ती गिळली जाण्याचा धोका असतो. अत्तर लावून झाल्यावरच ब्रेसलेट घालावे आणि काढल्यावर हवाबंद पिशवीत ठेवावे, म्हणजे चांदी लवकर काळवंडत नाही.

आणि शेवटचे. कागदावर प्रत्येक चिन्हापुढे जे वाक्य लिहिले होते, तो कागद फेकू नये. ब्रेसलेटच्या डबीतच घडी करून ठेवावा. पन्नास वर्षांनी ती डबी उघडणाऱ्या नातीला चांदी तर ओळखू येईलच. पण त्या इंजिनाचा, त्या बोंडाचा अर्थ तिला सांगणारे कोणीतरी हवे ना?